धुक्याच्या वहीतलं पान

१

जाडजूड वही होती, दोऱ्याने शिवलेली, आणि तिच्यातलं नेमकं एक पान नव्हतं.

ओरबाडून काढलेलं नव्हतं ते. कुणीतरी पट्टी ठेवून, अगदी निवांतपणे, शिवणीलगत बोटभर कड सोडून फाडलं होतं. अलीकडे मंगळवारची नोंद, पलीकडे गुरुवारची, मधला बुधवार गायब. आणि त्याच बुधवारी सकाळी तलावावरची प्रवासी बोट, तलाव जिथे चिंचोळा होतो तिथे, धुक्यात शिरली, पाण्यात रोवलेल्या खांबांपैकी सातव्यावर आदळली आणि तेवीस माणसं पाण्यात पडली. पाणी छातीएवढंच होतं म्हणून सगळी वाचली.

मुख्य कचेरीतून चौकशीला ज्या बाई आल्या, त्यांना पाठीमागे सगळे डुलकीबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. समोरचा बोलत असताना त्यांचे डोळे मिटायला लागत, मान किंचित कलायची, आणि बोलणारा बेसावध व्हायचा. काहींना वाटे, ही त्यांची युक्ती आहे. खरं सांगायचं तर बाईंना खरोखरच झोप यायची. फक्त झोपेतही त्यांचे कान उघडे राहत, एवढंच.

"चौकशीत काही दम नाही हो," तलाव-कचेरीचे मोठे साहेब वही मिटत म्हणाले. "नऊ खांब आहेत पाण्यात, एका रांगेत. समोरच्या खडकावरच्या खोलीत धुकेबाबा राहतात. रोज सकाळी सहाला खिडकीत उभं राहून मोजायचं: खांब किती दिसतात, धुक्याचा रंग कोणता, ते कुठल्या बाजूला सरकतंय. आधी वहीत लिहायचं, मग तेच यंत्राच्या तीन खान्यांत भरून बटण दाबायचं. नोंद इथे येते. तीनपेक्षा कमी खांब दिसले तर बोटीवरचा दिवा लाल, बोट बंद. एवढं सोपं काम."

"आणि बुधवारी?"

"बुधवारी नोंद आलीच नाही. म्हातारा झोपला. तसं कबूलही केलंय त्यांनी. मी वर्षभर कानीकपाळी ओरडतोय की माणूस काढा, आपोआप मोजणारं यंत्र बसवा. आता सोमवारी खोली रिकामी करायची नोटीस देतोय. एकतीस वर्षं राहिले, पुष्कळ झालं."

बाईंचे डोळे अर्धे मिटले होते. बाहेर तलावावर दुपारची सुस्ती होती. पाणी हलतंय की नाही तेच कळत नव्हतं.

"कबुली दिलीय," त्या पुटपुटल्या, "तर मग पान कुणी फाडलं? झोपलेल्या माणसाच्या पानावर चोरण्यासारखं काय असणार?"

साहेब गडबडले. "ते… ते मला काय ठाऊक? गुरुवारी जबाब घ्यायला गेलो तेव्हाच पान नव्हतं. वही उघड्या फळीवर असते, कुणीही हात लावावा." मग जरा पुढे झुकून ते हळू आवाजात म्हणाले, "पण एक सांगतो बाई. नोंद आली नाही हे आमच्या प्रोग्रामवाल्या ताईने सगळ्यांसमोर सांगितलं. आणि ती त्यांच्यावर उगीच खापर फोडेल असं म्हणायला जागाच नाही. धुकेबाबा तिचे सख्खे वडील आहेत."

२

ताई तिशीची होती. केस घट्ट बांधलेले, आणि डोळ्यांखाली दोन दिवसांचं जागरण. तिच्या टेबलावर एक पडदा, एक कप आणि एक चपटा दगड होता. दगड खडकावरचा होता, हे बाईंना न विचारताच कळलं.

"मला तुमचा प्रोग्राम समजावून सांगा," बाई खुर्चीत सैलावत म्हणाल्या. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, असं धरून चाला."

ताईचा चेहरा जरा सुटा झाला. कामाविषयी बोलायला मिळालं की माणूस दुःखातसुद्धा क्षणभर सुखावतो. "तलावावरून सगळ्या तऱ्हेच्या नोंदी येतात. पाण्याची उंची, वारा, लाटा, बाबांचं… धुकं. तरंगती पिंपं त्या पाठवतात, खोलीतून एक येते. पूर्वी प्रत्येक नोंदीच्या कपाळावर तिचा प्रकार लिहिलेला असायचा. हे पाणी, हा वारा, हे धुकं. प्रोग्राम कपाळ वाचायचा आणि ठरलेल्या साच्यात नोंद ओतायचा."

"मग बिघडलं काय?"

"नवी पिंपं आली. तीन वेगवेगळ्या कारखान्यांची. एकाच्या कपाळावर एक शब्द, दुसऱ्याच्या कपाळावर भलताच. अनोळखी शब्द दिसला की प्रोग्राम ठप्प व्हायचा. दर दोन दिवसांनी मी नवीन साचा लिहीत बसायची. मग दोन महिन्यांपूर्वी मी तो बदलला." तिचा आवाज नकळत उंचावला. "आता तो कपाळाकडे बघतच नाही. नोंद समोर आली की चालता चालता तिचे खाने मोजतो, कुठे आकडा आहे, कुठे शब्द आहे ते पाहतो, आणि त्याच क्षणी साचा निवडतो. रिकामे खाने वाटेतच गाळतो, उगीच ओझं कशाला. साचा जुळला नाही तर नवीन बनवतो, आपला आपण. तेही जमलं नाही तर नोंद अनोळखीच्या टोपलीत. दोन महिन्यांत एकदाही ठप्प झाला नाही."

"म्हणजे नाव न विचारता अंगकाठीवरून माणूस ओळखायचा."

"हो," ताई किंचित हसली. "तसंच म्हणा."

"बुधवारी सकाळी टोपलीत काय होतं?"

ताईने पडदा वळवला. बुधवार, सकाळी सहा ते साडेसहा. पाण्याच्या नोंदी नऊ. वाऱ्याच्या सहा. लाटांच्या चार. हजेऱ्या पंधरा. धुकं शून्य. अनोळखी शून्य.

"हजेरी म्हणजे काय?"

"नोंदींखेरीज प्रत्येक पिंप दर अर्ध्या तासाला एकदा नुसतं नाव आणि वेळ पाठवतं. मी आहे, सगळं ठीक आहे, एवढंच. त्या मी साठवत नाही, मोजून सोडून देते."

बाईंची मान कलली. खिडकीतून येणारं ऊन त्यांच्या मांडीवर पडलं होतं आणि त्यांना फार बरं वाटत होतं. ताईला वाटलं बाई झोपल्या. ती उठायला लागली, तेवढ्यात बाईंनी डोळे न उघडता विचारलं, "नोंद आलीच नाही, तर बोटीवरचा दिवा कोणता लागतो?"

"पिवळा. पिवळा म्हणजे थांबा, खोलीला फोन करा." ताईचा आवाज कडक झाला. "बाबा झोपले, हे मला… ते मला पटत नाही, पण नोंद नाही म्हणजे नाही. आणि बोट पिवळ्या दिव्यावर निघाली. हिरवा दिसला म्हणून कप्तान सगळ्यांना सांगत फिरतोय, ते साफ खोटं आहे."

३

बोट चालवणाऱ्याला सगळं गाव कप्तान म्हणत असे, आधी चेष्टेने आणि मग सवयीने. त्याचा डावा खांदा निखळला होता. हात गळ्यात अडकवून तो धक्क्यावर, काठाला बांधलेल्या आपल्या फुटक्या बोटीपाशी बसला होता.

"हिरवा होता," बाई जवळ यायच्या आधीच तो म्हणाला. "आईशप्पथ हिरवा होता. मी काय रंगांधळा आहे?"

"धुकं दिसत नव्हतं?"

"या काठाला लख्ख ऊन होतं हो! धुकं बसतं ते तिकडे, चिंचोळ्यात. बारा मिनिटं गेल्यावर समोर एकदम पांढरी भिंत. मी मागे वळवेपर्यंत खांब पुढ्यात." त्याने उजव्या हाताने पलीकडे खूण केली. "म्हणूनच तर ती खोली आहे. मी जिथून निघतो तिथून जे दिसत नाही, ते म्हाताऱ्याने बघायचं. पंधरा वर्षं मी त्यांच्या डोळ्यांवर बोट चालवतोय. आता साहेब म्हणतात, पिवळ्या दिव्यावर निघालास, सोमवारी परवाना जमा कर."

बाई त्याच्या शेजारी लाकडी पायरीवर टेकल्या. पाण्यावर लांबवर लाल ठिपके तरंगत होते.

"पिंपं आहेत का ती?"

"हो. चौदा आहेत. मीच सोडली सगळी, साखळ्या बांधून. हा हात धड होता तेव्हा."

चौदा, बाईंनी मनाशी घोळवलं. का कोण जाणे, तो आकडा त्यांना चपलेतल्या खड्यासारखा टोचायला लागला. पण ऊन होतं, पाण्याचा चुळुक चुळुक आवाज होता, आणि विचार हातात येता येता निसटून गेला.

"तुम्ही बुधवारनंतर खोलीवर गेला होतात का?"

कप्तानाने मान खाली घातली. "गेलो होतो. बुधवारीच संध्याकाळी, दवाखान्यातून थेट. रागाच्या भरात. चार शब्द सुनवावेत म्हणून. म्हातारा खिडकीत पाठमोरा बसला होता. लेक डबा देऊन नुकतीच गेली असावी, डबा तसाच होता. मी वाट्टेल ते बोललो. ते एका शब्दाने बोलले नाहीत."

"आणि वही?"

"टेबलावर उघडी होती. बुधवारचं पान होतं तेव्हा. मी डोळ्यांनी बघितलं."

बाईंची झोप उडाली. "काय लिहिलं होतं?"

"तेच तर सांगतोय," कप्तान म्हणाला. "काहीच नाही. वर वेळ, खाली सही, मधे सगळं कोरं."

४

कोरं पान फाडून कोण नेईल?

हा प्रश्न घेऊन बाई खडकावरच्या पायऱ्या चढल्या. सत्तेचाळीस पायऱ्या होत्या. बाईंनी दोनदा बसून घेतलं. वर एकच खोली, दगडी, तलावाकडे मोठी खिडकी. एक पलंग, एक टेबल, एक लहानसं यंत्र, आणि भिंतभर वह्या. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, गुडघ्यापासून खांद्यापर्यंत चढत गेलेल्या, प्रत्येकीपुढे एक साल. मुलगी याच खोलीत उंच झाली होती.

धुकेबाबांनी खुर्ची पुसून दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसले. बारीक माणूस, पांढऱ्या भुवया, आणि सतत काहीतरी दूरचं मोजत असल्यासारखे डोळे.

"मी झोपलो होतो," ते म्हणाले. "साहेबांना सांगितलंय. तेच लिहा."

"एकतीस वर्षांत पहिल्यांदा?"

"वय झालं."

"झोपला होतात, तर पानावर वेळ आणि सही कशी?"

म्हाताऱ्याच्या भुवया हलल्या. पान कुणी पाहिलं असेल हे त्यांच्या गावीही नव्हतं. "उठल्यावर केली असेल. मला आठवत नाही."

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलतो तेव्हा फार केविलवाणा दिसतो. बाईंना त्यांची दया आली, आणि थोडा रागही. त्यांनी विषय बदलला. "लेकीला तुम्हीच शिकवलंत?"

आता मात्र म्हातारा उजळला. "मोजायला मी शिकवलं. बाकी तिचं ती शिकली. इथे खिडकीत बसून खांब मोजायची, चार वर्षांची असताना. आता अख्ख्या तलावाचं मोजते. साहेबांचंसुद्धा तिला विचारल्याशिवाय पान हलत नाही." ते थांबले. "तिच्या कामात कधी चूक निघालेली नाही. निघायला नको."

निघायला नको. बाईंनी ते शब्द जपून ठेवले.

"मोजायचं म्हणजे काय शिकवलंत?"

"दिसतं तेवढंच लिहायचं," ते एका दमात म्हणाले. "माझ्या आधीच्या धुकेबाबांनी मला तेच सांगितलं होतं. अंदाजाने लिहायचं नाही, ऐकून लिहायचं नाही, कालचं बघून लिहायचं नाही. डोळ्यांना दिसतं तेवढंच."

खिडकीतून नऊ खांब स्वच्छ दिसत होते, पांढरे, एकामागे एक बारीक होत गेलेले. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. एक, दोन, तीन… सहाव्या खांबापाशी त्यांचे डोळे मिटले. कुणीतरी त्यांच्या खांद्यावर हलकेच शाल टाकल्याचं त्यांना जाणवलं.

जाग आली तेव्हा पाऊण तास झाला होता. म्हातारा चहा करत होता. बाईंनी शालीची घडी घातली आणि विचारलं, "या सगळ्या वह्या मी संध्याकाळपर्यंत चाळल्या तर चालेल?"

"चाळा की. पण त्यात काय सापडणार?"

"कोरी पानं," बाई म्हणाल्या.

धुकेबाबांच्या हातातली किटली जागच्या जागी थबकली.

५

अकरा सापडली.

एकतीस वर्षांत अकरा दिवस असे होते की वर वेळ, खाली सही आणि मधे काही नाही. शेवटचा तीन वर्षांपूर्वीचा. बाईंनी अकरा तारखा कागदावर उतरवल्या, पायऱ्या उतरल्या आणि धक्क्यावरच्या तिकीटघरात जाऊन बोटीच्या फेऱ्यांची जुनी नोंदवही मागितली. मग त्या धक्क्यावरच्या बाकावर बसून तारखा लावत गेल्या.

पहिली तारीख: बोट बंद. दुसरी: बोट बंद. तिसरी, चौथी, पाचवी. अकराच्या अकरा दिवस बोट बंद होती, आणि प्रत्येक ठिकाणी कारण एकच लिहिलं होतं: दाट धुकं.

बाईंनी वही मांडीवर मिटली. सूर्य कलला होता आणि तलावावर सगळं सोनेरी, पातळ आणि अर्धवट खरं वाटत होतं. त्यांना पेंग आली. पेंगेत त्यांना दिसलं की त्या शाळेतल्या बाई आहेत आणि पिंपांची हजेरी घेताहेत. लाल पिंपं ओळीने उभी राहून 'हजर' म्हणत होती. बारा, तेरा, चौदा. बाई पट मिटणार इतक्यात ओळीच्या टोकाशी, धुक्यातून, कुणीतरी म्हाताऱ्या आवाजात म्हणालं, हजर.

बाई खडबडून जाग्या झाल्या. पिंपं चौदा. हजेऱ्या पंधरा.

त्यांनी कपाळाला हात लावला. दुपारपासून हा आकडा डोळ्यांसमोर होता आणि त्या उन्हात सुस्तावून बसल्या होत्या! त्या उठल्या, साहेबांना फोन लावला आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी नऊला सगळ्यांना खडकावरच्या खोलीत बोलवा. ताईंना त्यांचा लॅपटॉप आणायला सांगा."

"का? चोर सापडला?"

"चोर नाही," बाई म्हणाल्या. "नोंद सापडली."

६

शनिवारी सकाळी खोलीत उभं राहायला जागा नव्हती. साहेब खुर्चीत, कप्तान दाराच्या चौकटीला टेकून, ताई टेबलापाशी लॅपटॉप उघडून. ती वडिलांकडे बघत नव्हती आणि वडील खिडकीबाहेर बघत होते. बाईंनी पलंग पटकावला आणि पाठीशी उशी घेतली.

"तिघांनी मला तीन गोष्टी सांगितल्या," त्या म्हणाल्या. "ताई म्हणतात, नोंद आली नाही. कप्तान म्हणतो, दिवा हिरवा होता. बाबा म्हणतात, मी झोपलो होतो. आता नोंद आली नसती तर दिवा पिवळा लागला असता. हिरवा दिवा आपोआप लागत नाही. खोलीतून काहीतरी यावंच लागतं. म्हणजे कप्तान तरी खोटं बोलतोय, नाहीतर…"

"तोच बोलतोय," साहेब म्हणाले.

"मीही तसंच धरून चालले होते. पण मग पान कशाला फाडायचं? ते कोरं होतं, कप्तानाने पाहिलंय. कोरं पान म्हणजे झोपेचा पुरावा. साहेब, तुम्हाला बाबांना घालवायचंय, तुम्ही तो जपून ठेवला असता. कप्तानानेही ठेवला असता. ते पान ज्याला नकोसं होईल असा माणूस एकच, ज्याला ठाऊक होतं की कोरं पान म्हणजे झोप नव्हे." बाई म्हाताऱ्याकडे वळल्या. "बाबा, बुधवारी सकाळी सहाला जसं बटण दाबलंत, तसंच आता दाबा."

"मी झोपलो होतो," धुकेबाबा खिडकीलाच म्हणाले.

"ठीक. मग दिवा पिवळा होता. मग कप्तान खोटारडा. सोमवारी त्याचा परवाना जाईल आणि पुन्हा या तलावावर तो बोट चालवणार नाही. तुमच्या डोळ्यांवर पंधरा वर्षं चालवली त्याने. त्याच्याकडे बघून सांगा एकदा, की झोपला होतात."

धुकेबाबा वळले. कप्तानाच्या गळ्यातल्या हाताकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. आपल्या खोट्याची झळ आणखी कुणाला लागेल हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि आता ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं. त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

"नोंद फेकायची नसते," ते पुटपुटले. "म्हणून ठेवली."

म्हातारा यंत्रापाशी गेला. पहिला खाना त्याने रिकामा सोडला. दुसरा सोडला. तिसरा सोडला. आणि बटण दाबलं.

ताईच्या पडद्यावर आकडा बदलला. हजेऱ्या पंधरा. त्याच्या शेजारी एक छोटासा हिरवा ठिपका लागला: सगळं ठीक.

"बघा ना," कप्तान फक्त एवढंच म्हणाला.

"पण खाने रिकामे का सोडलेत?" साहेब जवळजवळ ओरडले. "शून्य लिहायचं ना! खांब शून्य!"

"शून्य कसं लिहू?" धुकेबाबांना ते खरंच कळत नव्हतं. "खांब तर तिथे असतात ना! मोजले आणि नव्हते, तर शून्य. इथे मला माझा हात दिसत नव्हता. रंग दिसला नाही, सरकणं दिसलं नाही. जे दिसलं नाही ते लिहायचं कसं? आजवर कधी अडलं नाही. कोरं आलं की बोट बंद."

"अडलं नाही, कारण कपाळावर 'धुकं' लिहिलेलं असायचं," बाई हळूच म्हणाल्या. "कोरी असली तरी ती धुक्याची नोंद होती. दोन महिन्यांपूर्वी प्रोग्रामने कपाळ बघणं सोडलं. तो अंगकाठी बघतो, आणि रिकामे खाने वाटेतच गाळतो. मग या नोंदीत उरलं काय? खोलीचं नाव आणि वेळ. तशा अंगकाठीचं दुसरं कोण असतं? नुसती हजेरी देणारं पिंप. एकतीस वर्षांत बाराव्यांदा इतकं दाट धुकं आलं, आणि प्रोग्रामने त्याला सगळं ठीक म्हणून ओळखलं."

ताईचे दोन्ही हात टेबलावर होते. तिने ते हळूहळू मागे घेतले.

"तुम्हाला कळलं होतं," ती वडिलांना म्हणाली. "बुधवारीच."

"प्रोग्रामचं मला काय कळतंय? पण मी नोंद पाठवली होती, आणि तू म्हणालीस आली नाही. म्हणजे मधे कुठेतरी हरवली, आणि मधे तर तूच आहेस." ते पुन्हा खिडकीकडे वळले. "पान दाखवलं असतं तर सगळ्यांनी तुझ्याकडे बोट दाखवलं असतं. माझं काय, आज ना उद्या उतरायच्याच होत्या या पायऱ्या."

"मी तुम्हाला चार माणसांत झोपाळू ठरवलं, बाबा!" ताईचा बांध फुटला. "संध्याकाळी डबा ठेवला आणि एका शब्दाने बोलले नाही तुमच्याशी. आणि तुम्ही पान फाडत बसलात? माझ्यासाठी?" तिने डोळे पुसले, नाक ओढलं आणि साहेबांकडे वळली. "अहवालात माझं नाव लिहा. चूक माझी आहे. रिकामं म्हणजे काही नाही, असं मी धरून चालले. या खोलीत वाढूनसुद्धा."

साहेबांनी घसा खाकरला. त्यांच्या नव्या यंत्राची योजना कुठेतरी बुडाली होती आणि त्यांना ते समजलं होतं. "सोमवारची नोटीस…" ते म्हणाले, आणि उठून दाराकडे निघाले.

७

अहवाल दीड पानाचा झाला. ताईला लेखी ताकीद मिळाली, कप्तानाचा परवाना त्याच्याकडेच राहिला, आणि खडकावरची खोली रिकामी झाली नाही. प्रोग्राम अजूनही चालता चालता साचे निवडतो, पण आधी कपाळ वाचतो, आणि रिकामा खाना कधीही गाळत नाही. त्यासाठी त्यात एक नवा साचा आहे. त्याला काय नाव द्यायचं, हे ताईने वडिलांना विचारलं. त्यांनी बराच विचार करून सांगितलं, "काहीच दिसत नाही." तेच नाव आहे.

बाई मंगळवारच्या पहिल्या बोटीने परत जाणार होत्या. सकाळी सामान घेऊन धक्क्यावर आल्या तर लख्ख ऊन होतं, पाणी आरशासारखं होतं आणि दुसऱ्याच्या बोटीत पाहुणा म्हणून बसलेला कप्तान पाय पसरून चहा पीत होता. दिवा लाल होता.

"आज नाही हो बाई," तो मजेत म्हणाला. "तिकडे दाट बसलंय."

बाईंनी पिशवी बाकावर ठेवली, तिच्यावर डोकं टेकलं आणि समाधानाने डोळे मिटले. कुठे घाई होती?

खडकावर खिडकीबाहेर जग संपलेलं होतं. खांब नव्हते, पाणी नव्हतं, खडकाची कडसुद्धा नव्हती. सगळीकडे मऊ, पांढरं, न हलणारं धुकं. यंत्राचं बटण दाबून झालं होतं. ताई सहाच्या आधीच पायऱ्या चढून आली होती आणि आता टेबलापाशी बसून वहीत बुधवारचं पान चिकटवत होती. चार घड्यांच्या खुणा तिने तळहाताने सपाट केल्या. मग वडिलांची पेन्सिल मागून घेतली.

डिंक वाळल्यावर धुकेबाबांनी चष्मा लावून पान जवळ धरलं. वर वेळ होती, मधे कोरं होतं, खाली त्यांची सही होती. सहीच्या खाली, लेकीच्या अक्षरात, एकच शब्द लिहिलेला होता: मिळाली.